पुढे ढकललेली तारीख

बारकीला घरात सगळे बारकीच म्हणत. तिशी उलटली, डॉक्टर होऊन पाच वर्षं होत आली, तरी दादाच्या मुलांची ती ‘बारकी आत्या’च राहिली. या परक्या देशात मात्र तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. ज्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची, तिथे तिच्या बिल्ल्यावर मोठ्या अक्षरांत ‘नमुना संकलन’ असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत तिचं नाव. म्हातारे पेशंट मोठी अक्षरं तेवढी वाचत आणि तिला ‘नमुना’ म्हणून हाक मारत. आईला हे फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “मग त्यात खोटं काय आहे?”

ती राहायची एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. खालची मोठी यंत्रं सुरू झाली की फरशी पायाला कोमट लागे आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरे. खोलीत एक खाट, एक टेबल आणि एक खुर्ची. आधी दोन खुर्च्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मालकीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, “ही दुसरी लागणार आहे का तुला?” बारकीने क्षणभर विचार केला आणि खरं तेच सांगितलं. मालकीणबाई खुर्ची उचलून खाली घेऊन गेल्या.

बाहेरून आलेल्या डॉक्टरला इथे आधी दोन परीक्षा द्याव्या लागत आणि मगच एखाद्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीसाठी, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या जागेसाठी, अर्ज करता येई. पहिली परीक्षा बारकी पास झाली होती. दुसरी राहिली होती. अर्ज वर्षातून एकदाच, थंडीच्या तोंडावर उघडत. एकेका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येत. हॉस्पिटलवाले पहिल्या पंधरवड्यातच चाळण लावत, आणि त्या चाळणीत सगळ्यात आधी बघत तो दुसऱ्या परीक्षेतला आकडा. निकाल यायला महिना लागे. म्हणजे परीक्षा उन्हाळ्यातच उरकायला हवी. पण इथेच खरी ग्यानबाची मेख होती. नापास झालात तर पुन्हा बसता येई. पास झालात, मग काठावर का होईना, तर पुन्हा बसायला परवानगीच नव्हती. तो आकडा जन्माचा चिकटला. त्यातून पदवीला पाच वर्षं उलटून गेलेल्यांचे अर्ज बरीच हॉस्पिटलं उघडूनही बघत नसत. बारकीसाठी हे शेवटचं नाही, पण शेवटचं धड वर्ष होतं.

या सगळ्यात तिला सोबत होती ती एका सर्जनची. परीक्षा देणाऱ्यांच्या एका ग्रुपवर तिने ‘अभ्यासाला जोडीदार हवा’ असं लिहिलं होतं. त्यावर मराठीत उत्तर आलं, ‘बसू या का?’ सर्जनला हे टाइप करताना त्याच्या बायकोने पाहिलं, तिला वाटलं दारूचा बेत चाललाय, आणि त्यावरून त्यांच्या घरात म्हणे दोन दिवस अबोला होता. सर्जन चाळिशी ओलांडलेला. आपल्याकडे दहा-बारा वर्षं ऑपरेशनं केलेला. बायकोला इथे चांगली नोकरी लागली म्हणून तो मुलीला घेऊन तिच्यामागोमाग आला होता, आणि आता दुसऱ्याच एका शहरात घर सांभाळत होता. “अगं मॅडम,” तो म्हणायचा, “एके काळी मी पित्ताशयं काढायचो. आता भोपळ्याच्या बिया काढतो. हात तोच आहे हो, पेशंट तेवढा बदलला.”

लॅबला जायच्या आधीचा तास त्यांचा ठरलेला. नुसता आवाज, व्हिडिओ नको, मी बनियनवर असतो, असं सर्जनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या स्वयंपाकघरातला प्रत्येक आवाज बारकीला पाठ झाला होता. नळ सोडल्यावर आधी ठसका लागायचा तो, डब्याचं झाकण, मुलीच्या चपला.

“बाई, वय सत्तर,” सर्जन चिरता चिरता सांगायचा. “कानशिलं दुखतात, चावताना जबडा दुखतो. आज सकाळी एका डोळ्याला अचानक अंधारी आली. आधी काय करशील?”

“स्टिरॉइड. रक्तवाहिनीचा तुकडा तपासायला पाठवायचा, पण त्याच्या निकालासाठी थांबायचं नाही.”

“शाब्बास. आता तू विचार. लहान मुलांचं विचार, ते मला येत नाही.”

लहान मुलांचं त्याला खरंच येत नसे. लसींचं वेळापत्रक तो दर आठवड्याला नव्याने विसरायचा. बारकी त्याला रागवायची, तो “हो गं बाई, हो” म्हणायचा. दिवसभरात बारकी जे काही बोलायची त्यातलं निम्मं त्या तासात बोलून व्हायचं. बाकीचं निम्मं म्हणजे ‘मूठ आवळा’, ‘आता सोडा’ आणि ‘इथे दाबून धरा’.

उन्हाळ्याच्या मध्यावर दोघांनी एकाच आठवड्यातल्या तारखा घेतल्या. अर्जही एकाच दिवशी टाकायचे, असं ठरलं. त्याआधी एका रविवारी बारकी सराव परीक्षेला बसली. दिवसभर खोलीचं दार लावून, फोन बंद करून, अगदी खऱ्यासारखी. आकडा आला तो तिने दोनदा पाहिला. पास होण्याइतका होता. पण त्या आकड्यावर कुठलंच हॉस्पिटल बोलावणार नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सर्जनला सांगितलं, “मी तारीख पुढे ढकलतेय.”

पलीकडे कढईतला झारा थांबला. “किती पुढे?”

“पाच-सहा आठवडे.”

“अगं मॅडम, म्हणजे निकाल अर्ज उघडल्यावर येणार! बैल गेला आणि झोपा केला.”

“आणि आत्ता बसले आणि काठावर पास झाले तर?”

“नाही होणार. सरावात सगळ्यांचेच कमी येतात. खऱ्या परीक्षेत वाढतात.”

“कोणाचे वाढले?”

“लोक सांगतात ना.”

“ज्यांचे वाढतात तेच सांगतात, सर्जनसाहेब. तुम्हीसुद्धा थांबा थोडं. लहान मुलांचं तुमचं अजून कच्चं आहे.”

“माझी पदवी आहे सोळा वर्षांपूर्वीची. मी आणखी थांबलो तर मला म्युझियममध्ये ठेवतील,” सर्जन म्हणाला. नेहमीसारखं दोघं हसले नाहीत. मग तो हळूच म्हणाला, “ठरलं होतं गं आपलं. बरोबर बसायचं म्हणून.”

त्याच्या आवाजावरून बारकीला कळलं की तो तिला समजावत नव्हता. त्याला एकट्याने जायची भीती वाटत होती. तिला वाईट वाटलं. तरी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या जिन्यावर बसून तिने तारीख बदलली.

त्या रात्री आईला सांगितल्यावर आई म्हणाली, “बरं केलंस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं करू नये.” बाबा मागून ओरडले, “पण निकाल कधी?” दादा म्हणाला, “बारके, तुझं तुला कळतं.” घरच्यांना त्यापेक्षा जास्त कळण्यासारखं ते नव्हतंच. त्यांच्या लेखी परीक्षा म्हणजे बसायची आणि पास व्हायची. कधी बसायची यावर आयुष्य अडतं हे त्यांना सांगून पटलं नसतं.

सर्जन ठरल्या दिवशी परीक्षेला बसला. संध्याकाळी त्याचा एका शब्दाचा निरोप आला, ‘झाली.’ बारकीने लगेच फोन केला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी पुस्तक उघडून, फोन टेबलावर ठेवून बसली. फोन आला नाही. तिने केला, उचलला नाही. पुढेही काही सकाळी केला, तेच. तिला वाटलं, दमला असेल. आठवड्याने वाटलं, रागावला असेल. महिना होत आला तेव्हा वाटलं, त्याचं काम झालं, आता त्याला माझी गरज काय? हा शेवटचा विचार तिने मनातून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण लॅबमध्ये कोणाच्या तरी दंडाला पट्टा बांधताना तो नेमका परत यायचा.

सकाळचा तास तिने सोडला नाही. स्वतःच मोठ्याने प्रश्न वाचायची, स्वतःच उत्तर द्यायची, चुकलं तर स्वतःलाच रागवायची. एकदा दारावर टकटक झाली. मालकीणबाई इस्त्रीच्या वाफेने लाल झालेलं तोंड घेऊन उभ्या होत्या.

“पाहुणे आलेत का कोणी? खोली एकटीला दिलीय मी.”

“नाही हो. अभ्यास करतेय.”

त्यांनी आत डोकावून पाहिलं. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. त्यांचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाल्या, “परवा तू ते सांगत होतीस ना, रात्री पायात वळवळ होते, हलवले की बरं वाटतं? मलाही तसंच होतं. त्याला औषध काय ते कळलंच नाही. नेमकं तेव्हा खालचं यंत्र सुरू झालं.”

बारकी हसली. बऱ्याच दिवसांनी. त्यांना खुर्चीवर बसवून तिने खाटेवर बसून सगळं विचारलं आणि सांगितलं, “आधी रक्तातलं लोह बघून घ्या.” मालकीणबाई खाली गेल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायला लागली.

परीक्षेचा दिवस आला. एका ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, पडदे लावलेल्या खोलीत, कानांवर आवाज बंद करणारे जाड हेडफोन घालून सगळे बसले होते. एकेका भागानंतर बाहेर येऊन ती भिंतीकडे तोंड करून सँडविच खायची आणि पुन्हा आत जायची. एका प्रश्नात तीन महिन्यांच्या बाळाच्या लसी आल्या. तिला सर्जनचं “हो गं बाई, हो” ऐकू आलं, आणि घड्याळ पळत असताना ती काही क्षण नुसतीच कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी बाहेर पडली तेव्हा दारात सगळे फोन कानाला लावून उभे होते. एका मुलाला घ्यायला त्याची बायको आली होती; तिने काही विचारलं नाही, नुसती त्याच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. बारकी स्टॉपवर गेली आणि जी बस आली तिच्यात चढली. ती तिच्या घराकडे जाणारी नव्हती. शेवटच्या थांब्यापर्यंत ती बसून राहिली आणि त्याच बसने परत आली. ड्रायव्हरने तेवढं आरशातून पाहिलं. घरी पोचल्यावर आईचा फोन आला. “कशी गेली?” “बरी गेली.” “जेवलीस?” “हो,” बारकी म्हणाली. जेवली नव्हती.

अर्ज उघडले त्या दिवशी तिने अर्ज टाकला. परीक्षेच्या रकान्यात ‘निकाल प्रतीक्षेत’ असं आपोआप उमटलं. ते दोन शब्द तिला स्वतःच्याच कपाळावर लिहिल्यासारखे वाटले. ग्रुपवर लोकांना मुलाखतीची बोलावणी यायला लागली. ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आकडा चांगला होता. सरावातल्या आकड्यापेक्षा पुष्कळच वर. लॅबच्या स्वच्छतागृहात दार लावून तिने तो पाहिला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन पुढच्या पेशंटला म्हणाली, “मूठ आवळा.” संध्याकाळी तिने मनाशी ठरवलं, एकदाच करायचा, नाही उचलला तर नाही. आणि सर्जनला फोन लावला.

फोन बायकोने उचलला. “तुम्ही मॅडम ना?” ती म्हणाली. “बरं झालं फोन केलात. मीच करणार होते.”

“सर्जनसाहेब बरे आहेत ना? निकाल लागला असेल ना त्यांचा?”

“पास झाले.”

“अरे वा! मग—”

“म्हणजे, तसे पास,” बायको म्हणाली, आणि बारकीला सगळं कळलं.

थोड्या वेळाने सर्जन फोनवर आला. आवाज खोल गेला होता. “काय बोलू तुझ्याशी? तू सांगत होतीस थांबा म्हणून. नापास झालो असतो तर परवडलं असतं गं. पुन्हा बसलो असतो. हे म्हणजे ना घर का, ना घाट का.”

“पण मला सांगायचं तरी! मला वाटलं तुम्ही रागावलात. मी रोज सकाळी फोन समोर ठेवून बसायचे.”

“मीसुद्धा बसायचो,” सर्जन म्हणाला. “वाजायचा, मी बघत राहायचो. पेपर बिघडलाय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझी परीक्षा व्हायची होती. माझं ऐकून तुझा धीर सुटला असता. असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटत होती.”

रागवावं असं खूप होतं, पण त्याचा आवाज ऐकून बारकीचा राग उभाच राहीना. शेवटी ती म्हणाली, “माझा चांगला आलाय. पण उशीर झालाय.”

“माझा वेळेत आलाय,” सर्जन म्हणाला. “दोघांचा मिळून एक धड अर्ज झाला असता.”

सकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. सर्जनला एकही बोलावणं आलं नाही. बारकीला थंडी सरता सरता एक आलं. डोंगरापलीकडच्या एका लहान हॉस्पिटलात काही उमेदवार आलेच नव्हते, म्हणून त्यांनी उरलेल्या अर्जांचा गठ्ठा पुन्हा काढला होता. मुलाखत घेणाऱ्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, “तुमचा अर्ज पहिले तीन आठवडे अपूर्ण का होता?”

“माझी तयारी झाली नव्हती. म्हणून तारीख पुढे नेली.”

“घरात कोणी आजारी होतं?”

“नाही.”

“तुम्ही स्वतः?”

“नाही. नुसती तयारी नव्हती.”

डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं. “सकाळपासून चार आज्या वारल्या आमच्यापुढे,” त्या म्हणाल्या. “तुमची तेवढी जिवंत राहिली.”

वसंतात जागांचा निकाल लागला. बारकीला ती जागा मिळाली. घरी फोन केला तर सगळे एकदम बोलायला लागले. आई रडत होती, बाबा कोणाला तरी ओरडून सांगत होते, मुलं “बारकी आत्या, बारकी आत्या” करत नाचत होती. मग ज्याला त्याला आणखी कोणाला तरी कळवायची घाई झाली आणि फोन बंद झाला. बारकी खाली गेली. मालकीणबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे खोली रिकामी होणार,” आणि मग चादर खाली ठेवून त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवे इस्त्रीसारखे गरम होते.

सर्जनला सांगायला मात्र तिने दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडू दिली.

“अगं मॅडम!” तो ओरडला. मग म्हणाला, “थांब हं, गॅस बंद करून येतो.”

गॅस बंद करायला इतका वेळ लागत नाही. बारकी फोन कानाला लावून ऐकत राहिली. नळाला ठसका लागला, पाणी वाहत राहिलं, बराच वेळ वाहत राहिलं, मग थांबलं. सर्जन परत आला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बोल. किती खाटांचं हॉस्पिटल आहे?”

नव्या गावाला जायच्या वाटेवर त्याच्याच शहरात बस बदलायची होती. तो आणि त्याची बायको स्टँडवर भेटायला आले. सर्जन तिच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला आणि बायको उंच. बारकी आणि तो एकमेकांकडे बघून हसले. वर्षभर ज्याच्याशी आपण बोलत आलो तो माणूस समोर उभा असताना बारकी त्याच्या चपलांकडे बघत होती. आवाज त्या तोंडातून येतोय हेच तिला खरं वाटेना.

“मला नोकरी लागलीय,” सर्जन म्हणाला. “हॉस्पिटलातच. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं खातं असतं ना, तिथे. थिएटरच्या दाराला लागूनच आहे. दार उघडलं की आतलं दिसतं.”

“पुन्हा अर्ज करणार ना पुढच्या वर्षी?”

“करतो म्हणतात,” बायको म्हणाली. “मी म्हणते, एक वर्ष माणसासारखं जगू या आधी.”

“बघू,” सर्जन म्हणाला.

बायको पाण्याची बाटली आणायला गेली. सर्जनने घसा खाकरला. “मॅडम, एक सांगू? आता रोज सकाळी फोन नको करूस. तुझी ड्यूटी असणार, माझीही असणार. आणि मला ती सवय मोडायला हवी. नाहीतर मी अजून परीक्षेलाच बसलोय असं वाटत राहतं.”

“बरं,” बारकी म्हणाली. तिला म्हणायचं होतं की मला नाही मोडायची. पण बस लागली होती आणि लोक रांगेत पुढे सरकत होते.

“कधीतरी कर मात्र,” सर्जन म्हणाला. “सणासुदीला वगैरे.”

बायकोने बाटली तिच्या हातात दिली, पाठीवरून हात फिरवला. बारकी वर चढली आणि खिडकीशी बसली. काचेतून तिला ते दोघं जाताना दिसले. गाडी कुठे लावली होती यावरून त्यांचं काहीतरी चाललं असावं. बायको एका बाजूला बोट दाखवत होती, सर्जन दुसऱ्या. त्याने मागे वळून पाहिलं नाही. शेवटी तो बायको म्हणाली त्या बाजूला वळला.

बस निघाली. शहर मागे पडलं, रस्ता चढणीला लागला. बारकी थोडं पाणी प्यायली, तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि डोकं काचेला टेकवलं.